खूण नसलेलं नाव

"बघितलीस ना गं यादी? मग करते सही," डार्ला पेन उघडत म्हणाली.

"बघितली," व्हर्ना म्हणाली.

मिलर्स बेंडच्या रेसकोर्सवर, राज्याच्या शर्यत मंडळाच्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात व्हर्ना टॅकेटची बावीस वर्षं गेली होती. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, जॉकींचे परवाने तपासायचे, रोज कोणता अधिकारी कुठे उभा राहणार त्याची यादी करायची. डार्ला स्टिडमला हे सगळं तिनेच शिकवलं होतं. आणि वसंतात प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा मंडळाने ती डार्लाला दिली. दारावर तिच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी डार्लाने डोनट आणले. व्हर्नाने एक उचलला आणि रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

त्या सकाळच्या यादीत डॉक्टर गिलिसचं नाव होतं. जिंकलेल्या घोड्याचं रक्त तपासणीसाठी घ्यायचं काम त्याचं. त्याची सरकारी नेमणूक शुक्रवारी संपली होती आणि नूतनीकरणाचा कागद राजधानीत पडून होता. व्हर्नाला ते माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. डार्ला सही करत असताना ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सातव्या शर्यतीत जिंकलेल्या घोड्याच्या रक्तात बंदी असलेलं वेदनाशामक सापडलं. घोडा लंगडत होता हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुनावणीत मालकाच्या वकिलाने गिलिसच्या नेमणुकीची तारीख पुढे केली; नेमणूक संपलेल्या डॉक्टरने घेतलेलं रक्त पुरावा म्हणून चालेना आणि प्रकरण तिथेच निकालात निघालं. घोड्याचा ट्रेनर सुटला. पुढच्या महिन्यात तोच घोडा वळणावर पाय मोडून पडला, आणि त्याला तिथेच इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं.

मंडळाने विचारलं, यादी कोणी तपासली होती?

"सही माझी आहे," डार्ला म्हणाली. एवढंच.

तिची बदली नदीपलीकडच्या छोट्या ट्रॅकवर झाली, साध्या कारकुनाच्या जागी. प्रमुखपदाचं पत्र व्हर्नाला आलं.

शेवटच्या दिवशी डार्ला किल्ल्या द्यायला थांबली. "खालचा कप्पा अडकतो. जरा उचलून ओढ."

"डार्ला, त्या यादीचं..." व्हर्नाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मला माहीत होतं."

"ठाऊक आहे. तू तपासलेल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करतेस. गिलिसपुढे नव्हती. सुनावणीच्या आदल्या दिवशी बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

डार्लाने कोटाची बटणं लावली. "ह्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा तुला सांगितलं नव्हतं मी. तुझ्यासमोर बसून रोज जेवत होते, तरी. तुला कसं वाटलं असेल ते कळत होतं गं मला." दारापाशी ती थांबली. "पण घोड्याचं वाईट वाटतं."

तिची गाडी फाटकाबाहेर गेली. बाहेर दुसऱ्या शर्यतीचा भोंगा वाजला. व्हर्नाने उद्याची यादी काढली, टेबलाच्या अलीकडच्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसली आणि पहिल्या नावाच्या नेमणुकीची तारीख शोधू लागली.