ऑरिन क्रम्पचा सत्कार

बेसबॉलच्या सामन्यात ऑरिन क्रम्प बॅट खांद्यावर टाकून होम प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागी आला, तोच अंपायरने हात वर करून खेळ थांबवला. उजवीकडचं फाटक उघडलं आणि बेलफोर्ड गावच्या बँडमागून चार माणसं एक झुलती खुर्ची उचलून आत आली. अक्रोडाच्या लाकडाची, निळी रेशमी फीत बांधलेली. गावातल्या फर्निचरच्या कारखान्याने खास त्याच्यासाठी बनवलेली.

प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडमधलं सगळं गाव उभं राहिलं.

"बस, ऑरिन, बस!"

 ऑरिनने चोरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे राखाडी सुटातला एक अनोळखी माणूस गुडघ्यावर हॅट ठेवून बसला होता. मोठ्या लीगच्या एका संघाला कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, हवा होता आणि त्यासाठी हा माणूस रेल्वेने इतक्या लांब आला होता. बेलफोर्ड संघाचा मॅनेजर मॅकग्रोर्टी याने सकाळीच ऑरिनला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तू सव्वीस वर्षांचा. इथे तुझा तिसरा हंगाम. एवढंच बोलायचं, जास्त शहाणपणा नको." त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. लहान लीगमधला जो तो वय चोरायचा. ऑरिनने जरा सढळ हाताने चोरलं होतं, इतकंच. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारणार होतं त्याला?

"अरे बस ना, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!" कुंपणाजवळच्या घोडागाडीतून कुणीतरी ओरडलं.

तो बसला. खुर्ची मागे झुलली आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले. बॅटचं काय करावं कळेना, म्हणून ती त्याने मांडीवर आडवी धरली. पाहुण्या संघाचा कॅचर तोंडावरची जाळी वर करून हळूच म्हणाला, "आजोबा, पायांवर घोंगडी घालू का?"

महापौर लिंडक्विस्ट खुर्चीमागे येऊन उभे राहिले. माणूस मनाने भला, पण आवाज असा की रेल्वे स्टेशनापर्यंत जावा.

"मंडळी! दुसरी गावं खेळाडू आणतात आणि हंगाम संपला की हाकलतात. आपला ऑरिन मात्र तेरा वर्षं या प्लेटमागे बसलाय! तेरा वर्षं! बोटं मोडली, गुडघे गेले, पण पठ्ठ्या हलला नाही! आता त्याने जरा आरामात बसावं, म्हणून ही खुर्ची!"

ऑरिनला उठायचं होतं, पण महापौरांचा जड हात त्याच्या खांद्यावर होता. बँड सुरू झाला. बायका रुमाल हलवत होत्या, पोरं त्याचं नाव घेऊन नाचत होती. इतकी माया त्याने एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्यात त्याचा जीव गुदमरत होता. तिसऱ्या रांगेतल्या माणसाने हॅट डोक्यावर ठेवली. शेजाऱ्यांची माफी मागत, त्यांचे पाय चुकवत तो जिन्याकडे गेला.

खेळ पुन्हा सुरू झाला. होम प्लेटवर भेट स्वीकारणारा खेळाडू हमखास बाद होतो, असं सगळेच मानत. ऑरिनने मात्र पहिलाच चेंडू असा झोडपला की तो कुंपणापलीकडे रुळांवर जाऊन पडला. गाव वेडं झालं. धाव पूर्ण करताना ऑरिन त्या रिकाम्या जागेकडेच पाहत होता.

सामना संपल्यावर तो स्टँडखालच्या खोलीत एकटाच बाकावर बसून राहिला. मॅकग्रोर्टी दार ढकलून आत आला.

"तेरा वर्षं! त्या गाढवाला हे सांगितलं कुणी?"

"मी," मागून आवाज आला. ऑरिनची बायको हेट्टी रविवारची हॅट घालून दारात उभी होती, आनंदाने फुललेली. "महापौर घरी आले होते विचारायला. पहिल्या हंगामापासून बघतेय मी याला, मला नाही तर कुणाला माहीत असणार? का हो, काय झालं?"

"वाटोळं झालं, बाई. मोठ्या लीगचा माणूस आला होता याला बघायला. म्हातारा कॅचर नको म्हणाला आणि गेला." मॅकग्रोर्टी पाय आपटत निघून गेला.

हेट्टीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. ती बाकाच्या टोकाला टेकली.

"मला माहीत असतं तर मेले तरी बोलले नसते, ऑरिन. सांगितलं का नाहीस?"

"नक्की काही नव्हतं. म्हटलं, ठरलं की सांगू."

"आणि ठरलं असतं तर? कधी निघायचं होतं?"

"आजच. संध्याकाळच्या गाडीने."

"आजच," ती म्हणाली. "मला नेणार होतास ना?"

ऑरिन वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्या आधीच सुटलेल्या होत्या.

बाहेर गलका वाढला. लोक त्याला खांद्यावर घेऊन मिरवायला आले होते. "ऑरिन! अरे, ऑरिन गेला कुठे?"

हेट्टी उठली. तिने हॅट नीट केली आणि दार सताड उघडलं.

"कुठे जातोय तो?" ती लोकांना म्हणाली. "हा काय, इथेच आहे."