लहान मेळावा

"एकट्यानं जायचं असेल तर मोठ्या मेळाव्याला जा. मला बरोबर घेऊन जायचं असेल तर कुठेच जाऊ नकोस," ताई म्हणाली आणि सरांच्या कोटाच्या बाहीवर तिनं इस्त्री दाबून धरली.

"बाही जळेल."

"जळू दे. निदान नवा घेशील. हा घालून गेलास तर त्यांना वाटेल, माणूस संग्रहालयातून आलाय."

सर हसले नाहीत. समोर दोन मेळाव्यांची माहितीपत्रकं उघडी पडली होती आणि ते आळीपाळीनं दोन्हींकडे बघत होते. परदेशी शाळा शिक्षक निवडण्यासाठी दर हिवाळ्यात असे मेळावे भरवतात. एखाद्या हॉटेलच्या दालनात शाळांची टेबलं लागतात, शिक्षक रांगा लावतात, आणि शनिवार-रविवारात कोण कुठल्या देशात जाणार ते ठरून जातं. सर भूगोल शिकवत, आणि असल्या मेळाव्यांच्या जोरावरच त्यांनी तीन देशांत नोकऱ्या केल्या होत्या. आता इथला करार संपत आला होता. त्यांच्या वयाच्या माणसाला इथं कामाचा नवा परवाना मिळत नव्हता. आणि यंदा दोन्ही मेळावे नेमके एकाच आठवड्यात आले होते.

मोठा मेळावा विमानानं जाण्याच्या अंतरावर होता. तिथं शाळा भरपूर, भूगोलाच्या जागाही भरपूर. पण त्यांतले बहुतेक देश शिक्षकाबरोबर बायको-मुलांना येऊ देत, बहिणीला नाही. लहान मेळाव्याला बसनं जाता येत होतं. तिथं ताईला बरोबर नेता येईल अशी शाळा एकच होती, डोंगरावरची निवासी शाळा. ती शिक्षकाला स्वतंत्र घर देत असे, आणि त्या घरात कुणी राहायचं यावर तिची काही अट नव्हती.

"धाकट्याकडे मी जाईन की," ताई म्हणाली. "सोफा आहे त्याच्याकडे."

धाकट्या भावाकडचा तो सोफा सरांना माहीत होता. ताई एका उन्हाळ्यात तिथं राहून आली होती. घरातल्यांचा टीव्ही बंद होईपर्यंत ती खुर्चीवर बसून पेंगत असे, कारण तिचं अंथरूण म्हणजे बाकीच्यांची बैठक होती. हे तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. धाकट्याच्या मुलीनं गंमत म्हणून सांगितलं होतं.

आई गेली तेव्हा सर शाळेतसुद्धा जात नव्हते. ताईनं त्यांना वाढवलं. त्या भरात तिचं लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हे ती अशा सुरात म्हणायची, जसं काही कुणाच्या घरी छत्री राहून गेली.

शिक्षकांच्या खोलीत फिजिक्सच्या बाईंनी सरांना चांगलंच फैलावर घेतलं.

"सर, एका शाळेच्या भरवशावर मेळाव्याला जातात का कुणी? त्यांनी नाही म्हटलं तर?"

"मग बघू."

"काय बघणार? आणि तुम्ही मुखदुर्बळ. टेबलासमोर उभे राहाल आणि मागच्याला म्हणाल, आधी तुम्ही या."

तसं खरंच घडलं होतं, आणि एकदाच नव्हे.

"बरं, जाताय तर एक लक्षात ठेवा. खरी मुलाखत त्या खोलीत होत नाही. लिफ्टमध्ये होते, नाश्त्याच्या टेबलावर होते. ही माणसं सगळीकडे बघत असतात. आणि गेल्या वर्षीचं ते वर्गात पडणं कुणापुढे काढू नका. डॉक्टर बरं म्हणालेत ना? मग विषय संपला."

सरांनी मान डोलावली. घरी आल्यावर हे ताईच्याही कानावर घालावं असं त्यांना वाटलं. पण लोकांत तोंड उघडू नकोस, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी सांगितलं नाही. लहान मेळाव्यात नाव नोंदवलं आणि बसची दोन तिकिटं काढली.

"मी कशाला?" ताईनं विचारलं.

"घर बघायचंय ना तुला? त्यांच्याकडे फोटो असतात."

"स्वयंपाकघराचे असतात का?"

"विचारू."

त्यानंतर ती बराच वेळ बॅग भरत होती. तिला यायचंच होतं, हे सरांच्या तेव्हा ध्यानात आलं.

दालनात प्रत्येक टेबलामागे भिंतीवर कागद चिकटवलेले होते. त्यांवर रिकाम्या जागा लिहिलेल्या. जागा भरली की शाळेचा माणूस उठून तिच्यावर जाड काळी रेघ ओढायचा आणि रांगेतली माणसं न बोलता दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची. डोंगरावरच्या शाळेच्या कागदावर भूगोल अजून शाबूत होता. सरांनी कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही. टेबलाशी मुख्याध्यापिका स्वतः बसल्या होत्या. केस पांढरे, बोलणं सावकाश. नद्यांची वळणं मुलांना कशी शिकवता, असं त्यांनी विचारलं आणि सर चक्क बोलत सुटले. बाई लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

"उद्या दुपारी सविस्तर बोलू," त्या म्हणाल्या. "बहीण बरोबर राहणार म्हणता? उत्तम. आमच्याकडे हिवाळा मोठा असतो. घरात माणूस असलेलं बरं."

त्या रात्री सरांना इतक्या दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी दाढी करून ते खाली आले तेव्हा नाश्त्याच्या टेबलावर ताई त्याच मुख्याध्यापिकांसमोर बसली होती. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाई चहा तसाच ठेवून ऐकत होत्या. सरांना बरं वाटलं. ते मुद्दाम लांबच्या टेबलावर जाऊन बसले.

दुपारी बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. त्यांच्यापुढचे कागद मिटलेले होते.

"तुमच्या ताई भेटल्या सकाळी. किती अभिमान आहे त्यांना तुमचा!"

"ती जरा जास्तच कौतुक करते."

"त्या सांगत होत्या, तुम्ही कधी रजा घेत नाही. गेल्या वर्षी वर्गात चक्कर येऊन पडलात, डोक्याला टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून शाळेत हजर." बाई क्षणभर थांबल्या. "आमच्याकडे बर्फ पडला की रस्ता बंद होतो, सर. दवाखाना खालच्या गावात आहे. रात्री वसतिगृहात मुलांजवळ तुम्ही एकटेच असाल. म्हणून विचारते. हे असंच घडलं होतं का?"

ताईला काही कळत नाही, ती वाढवून सांगते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाई तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या, असं सरांना वाटलं.

"ती खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "नाही जमणार, सर," त्या म्हणाल्या. सर उठून दाराबाहेर गेले.

बाहेर प्रत्येक शिक्षकाच्या नावाचा एकेक खण होता. शाळा त्यात निरोप टाकत. सरांच्या खणात एक चिठ्ठी होती, वाळवंटातल्या एका शाळेची. सर त्या टेबलाशी गेले आणि आपण वर्गात पडलो होतो हे त्यांनी सगळ्यांत आधी सांगून टाकलं. तिथल्या माणसानं खांदे उडवले. रुग्णालय शाळेच्या समोरच होतं, आणि भूगोलाला दुसरं कुणी मिळत नव्हतं. राहायला एक खोली. एकट्यासाठी. उत्तर संध्याकाळच्या आत हवं होतं. सरांनी तिथंच हो म्हटलं. बसून विचार केला असता तर त्यांना तो शब्द उच्चारता आला नसता.

ताई खाली हॉटेलच्या बैठकीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

"काय झालं?"

"लागली."

"डोंगरावर?"

"नाही. दुसरीकडे, वाळवंटात." सर तिच्याशेजारी बसले. "एकट्याची जागा आहे, ताई."

ती बॅगेचा बंद सरळ करत राहिली. सरळच होता तो.

"खोलीला खिडकी आहे का?"

"असेल."

"विचारून घ्यायचं ना! तुला खिडकी लागते." मग ती म्हणाली, "बरं झालं. धाकट्याला कळवू. सोफा झटकून ठेव म्हणावं, मोठ्या बाई येतायत."

सरांनी खिशातून बसची तिकिटं काढली.

"रागावू नकोस हं," ताईनं आवाज खाली आणला. "सकाळी एक बाई भेटल्या. कुठल्याशा शाळेच्या मोठ्या बाई आहेत, एवढं कळलं. म्हटलं, हा काही स्वतःबद्दल बोलायचा नाही, आपणच चार शब्द सांगावेत. काही उपयोग झाला का रे?"

"झाला."

"खरंच?"

"त्यांनीच वाळवंटवाल्यांना सांगितलं. माणूस असा असा आहे म्हणून. तुझ्या शब्दावर मिळाली मला ही नोकरी."

ताईचा चेहरा असा उजळला की सरांनी नजर दुसरीकडे वळवली.

"बघ! जन्मभर तोंड मिटून बसलास. मला आधीच कुठल्या मेळाव्याला नेलं असतंस तर एव्हाना हेडमास्तर झाला असतास." आणि तेवढ्यात ती उठली. "अगंबाई, त्याच ना त्या? थांब, आभार मानून येते."

"ताई, बसची वेळ—"

पण ती निघालीसुद्धा. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या मुख्याध्यापिकांना तिनं मधेच गाठलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. ती काय बोलत होती ते सरांना ऐकू येत नव्हतं. बाई गोंधळल्या. त्यांनी ताईच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. सर उभे राहिले होते. त्यांनी नुसती मान लववली, आणि वर केली नाही.

बाई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग ताईच्या हातांवर हात ठेवून म्हणाल्या, "छे हो, मी काय केलं? सगळं तुम्हीच सांगितलंत."