सालामांकाची जागा

क्लेमेंटीन आत्या माद्रिदहून मे महिन्यात सुट्टीवर आली होती. पहिल्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे वसईतल्या सांडोर गावच्या घरी जेवायला बसले. डुकराच्या मटणाच्या इंदालाचं वाटण लेस्लीच्या मम्मीने, कार्मिनने, पहाटेच करून ठेवलं होतं. आत्या खुशीत होती.

"लेस्ली, तुझी खोली तयार आहे बरं का," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंच्या खोलीला लागूनच. रात्री त्यांनी हाक मारली तर लगेच ऐकू येईल."

लेस्ली हसली. आत्याचा काहीतरी घोटाळा होतोय असं तिला वाटलं. "आत्या, मी सालामांकाला चाललेय. माद्रिदला सुट्टीत येईन."

आत्याने घास ताटात ठेवला आणि भावाकडे पाहिलं. "सिप्रियन, तू सांगितलं नाहीस हिला?"

पप्पा म्हणाले, "आधी जेवून घ्या सगळे."

लेस्ली वसईतल्या शाळेत शिकवायची आणि चार वर्षं दर शनिवारी मुंबईला जाऊन स्पॅनिश शिकत होती. पगारातून शिल्लक टाकली होती ती स्पेनमध्ये जाऊन शिकण्यासाठी. कुठल्या गावी जायचं हे ठरवण्यात तिचे कित्येक महिने गेले. ग्रनादा झालं, सेव्हिया झालं, शेवटी सालामांका. आठशे वर्षांपूर्वीचं विद्यापीठ, त्याच्याभोवती वाढलेलं गाव, पायी हिंडता येईल एवढंच. तिथली भाषा स्वच्छ, असं तिच्या बाई सांगायच्या. तिथल्या एका भाषाशाळेत जुलैपासूनची जागा तिने मिळवली होती. अर्जात स्पेनमधलं कुणीतरी ओळखीचं हवं म्हणून नाव दिलं होतं आत्याचं.

"काय सांगायचं होतं?" तिने विचारलं.

"अगं, माद्रिदलाही क्लास असतात," आत्या समजुतीने म्हणाली. "आमच्या घराखालीच आहे एक, संध्याकाळचा. सकाळी फक्त सासूबाईंकडे बघायचं. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. मी ड्युटीवर असते, बाहेरची बाई टिकत नाही. आणि त्या दिवसभर बोलत असतात. तुझं स्पॅनिश आपोआप सुधारेल!"

"माझी सालामांकाची जागा पक्की झालीय."

"ती मी सोडली. त्या लोकांना फोन करून कळवलं, मुलगी माझ्याकडे राहणार म्हणून. त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिलीसुद्धा."

लेस्ली आधी आत्याशी बोललीच नाही, पप्पांशीही नाही. ती वळली मम्मीकडे.

"तुला ठाऊक होतं?"

कार्मिन रिकामी वाटी उचलून उठायला लागली.

"मम्मी, बस. ठाऊक होतं का?"

"महिनाभर झाला असेल."

"महिनाभर मी तुला त्या गावाच्या गोष्टी सांगतेय. तिथला चौक कसा आहे, मी कुठं राहणार. तू ऐकून घेत होतीस!"

"तू इतकी खुशीत असायचीस," कार्मिन म्हणाली. "मला बोलवेना."

"पुरे झालं," पप्पा म्हणाले. "परक्या मुलखात एकटीला कसं धाडायचं? त्या गावात आपलं आहे कोण?"

"कोणी नाही. म्हणूनच निवडलंय ते! इथं चर्चपासून एसटीपर्यंत जाईतो सगळे विचारतात, कुठं निघालीस. तिथं कोणी विचारणार नाही."

"मी शब्द दिलाय क्लेमेंटीनला."

"मग तुम्ही पाळा. तुम्ही जा म्हातारीला आंघोळ घालायला."

पप्पांनी टेबलावर हात आपटला. "तोंड सांभाळ!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी गेले तेव्हा मला कोणी विचारलं होतं का, कुठं जायचंय म्हणून? लग्न लावलं आणि पाठवलं. इतकी वर्षं मी एकटीने काढली तिथं."

"नाही विचारलं कोणी," लेस्ली म्हणाली. "म्हणून मलाही विचारायचं नाही?"

ती अर्ध्या जेवणावरून उठली.

सोमवारी दुपारी ती पारनाक्यावरच्या आयएसडी बूथमध्ये शिरली आणि सालामांकाच्या भाषाशाळेला फोन लावला. क्लासमध्ये ती प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायची आणि मगच तोंड उघडायची. त्या दिवशी जुळवायला थांबलीच नाही. क्रियापदं चुकत होती, काळ चुकत होते, पण ती बोलत सुटली. जागा माझी होती, मी सोडली नाही, मला न विचारता तुम्ही दिलीत कशी? पलीकडची बाई दोनदा म्हणाली, जरा सावकाश बोला. मग तिने चौकशी केली. जुलैचा वर्ग भरला होता. ऑक्टोबरला एक जागा होती. राहायला खोली मिळेल, पण नदीपलीकडे, लांब.

"चालेल," लेस्ली म्हणाली. "आणि ते नातेवाइकाचं नाव काढून टाका. यापुढे फक्त माझ्याशी बोलायचं."

बूथवाल्याचे पैसे देऊन ती बाहेर आली. आनंद वगैरे काही झाला नव्हता. हातचे तीन महिने गेले होते, हे आठवून राग उलट वाढला होता.

पप्पा केळीच्या वाडीत होते. तिने तिथंच जाऊन सांगितलं, "मी ऑक्टोबरला जातेय. सालामांकालाच."

त्यांनी मान वर केली नाही. "मी विमानतळावर येणार नाही."

"नका येऊ."

आत्या जूनमध्ये परत गेली. पंधरवड्यात तिचा फोन आला, सासूबाईंसाठी चांगली बाई मिळाली म्हणून. मम्मीने हे स्वयंपाक करता करता सहज सांगितलं. लेस्लीच्या मनात आलं, इतकं सोपं होतं तर माझं आयुष्य कशाला मोडायला निघाला होतात? पण तिने विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिची तयारी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये एकटी मम्मी विमानतळावर आली. आत जायच्या वेळी तिने लेस्लीच्या हातात वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचं पुडकं दिलं. "माद्रिदला उतरलीस की आत्याकडे जाऊन दे. तेवढ्याने तिचा राग जाईल."

"तिचा राग?" लेस्ली म्हणाली. तिने पुडकं परत मम्मीच्या हातात ठेवलं. "मी माद्रिदला थांबणार नाही, मम्मी. थेट सालामांकाची बस घेणार."

कार्मिन रडायला लागली. लेस्लीने तिला मिठी मारली, पण "माफ केलं" असं ती म्हणाली नाही. बॅग उचलून ती आत गेली.