चौथ्या नळीवरचा बाण

रसायनवाल्यांना चौथ्या नळीतला गाळ पुन्हा हवा होता. दोनच ग्रॅम, पण आजच. त्यांचा निरोप वाचून नोहोरा सिफुएन्तेसनं स्वेटर चढवला, त्यावर प्रयोगशाळेचा कोट चढवला आणि शीतखोलीचं दार खांद्यानं ढकललं. आत चार अंश. एकतीस वर्षं ती या खोलीची तंत्रज्ञ होती आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होती. गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी केव्हाच होकार दिला असता.

काम पाच विभागांचं होतं. बोगोताच्या वर पारामोत, जिथं झाडं संपतात आणि धुकं सुरू होतं, तिथलं एक तळं तीन वर्षांपूर्वी त्यांनी निवडलं. हवा तापली तेव्हा खालचं जंगल किती वेगानं डोंगर चढलं, हे तळ्याच्या गाळातून वाचायचं होतं. एकाखाली एक अशा मीटरभर लांबीच्या सहा नळ्या काढल्या, उभ्या चिरल्या आणि वाटप झालं. वनस्पतिशास्त्रानं परागकणांसाठी चमचाभर गाळ नेला, रसायनानं चिमूटभर. भूशास्त्राचे प्राध्यापक एव्हारिस्तो पिन्सोन यांनी छायाचित्रं घेतली आणि ते पुन्हा समित्यांच्या बैठकांना गेले. अख्खी नळी समोर घेऊन बसायला कोणाला सवड नव्हती.

नोहोरानं चौथी नळी टेबलावर ठेवून प्लॅस्टिक सोडलं. चमचा उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

जोराचा पाऊस झाला की ओढा तळ्यात माती आणतो. जाड वाळू आधी तळाशी बसते, मऊ गाळ मागाहून तिच्यावर. म्हणून पुराचा प्रत्येक थर खाली खरबरीत असतो, वर मऊ. नोहोरानं असे थर हजारांनी पाहिले होते. या नळीत वाळू वर होती. एक थर घसरून उलटा होऊ शकतो म्हणून तिनं दुसरा पाहिला, मग तिसरा. एकूण सात निघाले. साती उलटे.

नळीच्या कडेला बाण होता, नळीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तसाच बाण होता, आणि चिठ्ठीवरचं अक्षर तिचं होतं.

तिला तो दिवस आठवला. तीन नळ्या निघाल्या आणि भूशास्त्राच्या मदतनिसाला उंचीमुळे चक्कर आली. त्याला खाली पाठवलं. तराफा स्थापत्यवाल्यांकडून उसना आणलेला होता, त्याच्यासोबत त्यांचा ड्रिल चालवणारा एर्मोहेनेस आला होता. चौथी नळी त्यानं काढली, बाण त्यानं मारला. पाचवीला स्वतः पिन्सोन उतरले. नोहोरा काठावर छत्रीखाली बसून नळ्या पुसत होती, नळीवरचा बाण चिठ्ठीवर उतरवत होती. तिच्या विभागात, भूशास्त्रात, बाण नेहमी पृष्ठभागाकडे असतो. कुठल्या दिशेचा, हे विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

वयाची चाचणी करायला या नळीतून एकच तुकडा पाठवला होता, तोही अगदी मधोमधचा. नळी उलटली तरी मध्य जागच्या जागी राहतो. त्यामुळे चाचणीनंही कुरकुर केली नव्हती.

नोहोरानं प्लॅस्टिक पुन्हा गुंडाळलं. कोणी पाहिलं नव्हतं. दोन ग्रॅम काढून द्यायचे आणि दार लावायचं, एवढंच करायचं होतं. तिला फार दमल्यासारखं झालं. तिनं कोट काढला आणि ती स्थापत्यच्या इमारतीकडे चालू लागली.

ही इमारत विद्यापीठाच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत संपाची पत्रकं वाटणाऱ्या मुलींनी तिच्या हातात दोन कोंबली. एर्मोहेनेस बोओर्केस कार्यशाळेच्या पायरीवर बसून पेल्यातून काळी कॉफी पीत होता. त्यानं तिच्यासाठीही पेला भरला आणि विचारलं, शीतखोलीतून बाहेर यायची परवानगी कोणी दिली.

"त्या तळ्यावर तुम्ही नळीवर बाण मारलात," नोहोरा म्हणाली. "कुठल्या बाजूला?"

"खाली. ड्रिल जातं तिकडे." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आम्ही पायासाठी भोकं पाडतो, नोहोराबाई. पाया खालीच असतो. तुमच्याकडे काय, आभाळाकडे बघून खणतात?"

"आमच्याकडे वर दाखवतात."

एर्मोहेनेसनं पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तीन वर्षं झाली त्याला."

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोणी विचारलंही नाही. मीसुद्धा."

पिन्सोन यांनी तिचं म्हणणं सह्या करता करता ऐकलं. थर घसरतात, म्हणाले. साती? तिनं विचारलं. त्यांचं पेन थांबलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त तीन वर्षांत नळीपेक्षा फायली जास्त पाहिलेले होते. वनस्पतिशास्त्रातल्या देइसीचा प्रबंध शुक्रवारी दाखल होतोय, त्यांनी आठवण करून दिली. तो झाला की सोमवारी तुन्हाच्या विद्यापीठात तिची नेमणूक. जागा थांबणार नाही. शुक्रवारनंतर सावकाश पाहू. नोहोरानं दार ओढून घेतलं. ती जिना उतरली.

देइसी चापार्रो दोन वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून परागकण मोजत होती. चौथ्या नळीच्या चारशे काचपट्ट्या तिच्या एकटीच्या. तिच्या प्रबंधाचा तिसरा भाग त्यांवरच उभा होता: जंगलानं एका दमात डोंगर गाठला, मग शतकानुशतकं ते मागे सरलं, मग पुन्हा एकदम झेपावलं. पाची विभागांच्या बैठकीत हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या होत्या. विद्यापीठाच्या वार्तापत्रात तिचा फोटो आला होता.

नोहोरा दारात उभी राहिली तेव्हा देइसी संदर्भसूचीतली स्वल्पविराम तपासत होती. टेबलावर अर्धी खाल्लेली चीजची पावरोटी, कडक झालेली.

"पोरी, दहा मिनिटं शीतखोलीत येतेस?"

"आज नको ना, नोहोराबाई. डोळे मिटले तरी परागकण दिसतायत."

"आजच ये."

नोहोरानं तिसरी, चौथी, पाचवी नळी टेबलावर टोकाला टोक लावून मांडली. काही न समजावता तिनं देइसीचं बोट वाळूच्या एका थरावरून फिरवलं, मग दुसऱ्या. देइसीनं उरलेले पाच स्वतःच तपासले. मग नोहोरानं चौथी नळी दोन्ही हातांनी उचलून फिरवली आणि पुन्हा तिसरी आणि पाचवीच्या मध्ये ठेवली.

पाचवीच्या माथ्यावर काळ्या कुजक्या पाल्याचा पट्टा होता, अर्धवट कापलेला. त्याचा उरलेला अर्धा भाग आता त्याला येऊन भिडला. दुसऱ्या टोकाला तिसरीच्या तळाशी तुटलेली करड्या राखेची रेघ चौथीत पूर्ण झाली.

देइसी नळ्यांवर वाकली. तिचा श्वास वाफ होऊन नळ्यांवर येत होता.

"दोन्ही सांध्यांवर आकडे जुळत नव्हते," ती म्हणाली. "मी लिहिलं, काढताना थोडा गाळ निसटला असेल. अकरा पानं लिहिली त्यावर. इथं काहीच निसटलेलं नव्हतं."

"बाण मी उतरवला होता. तसं मी लिहून देते, सहीनिशी."

"त्यानं शुक्रवार पुढे जाईल का?"

"नाही."

देइसी टेबलाच्या कडेला टेकली. मनात तिनं चारशे काचपट्ट्यांचे आकडे उलटवले. आकडेमोड एका दुपारची होती. पण झेप गेली होती, माघारही गेली होती. उरलं होतं फक्त एक जंगल, नऊशे वर्षं सावकाश डोंगर चढत गेलेलं. त्यावर टाळ्या पडणार नव्हत्या.

"पिन्सोन सरांना माहीत आहे?"

"ते म्हणाले, शुक्रवारनंतर."

देइसी हसली. त्या हसण्यात राग असायला हवा होता, पण तेवढी ताकद तिच्यात राहिली नव्हती. "शुक्रवारनंतर मी तुन्हात हेच पोरांना शिकवत बसेन, की जंगल मागे सरलं." तिनं तळवे काखेत दाबले. "तुन्हाला मीच कळवते. त्यांनी जागा दुसऱ्याला दिली तर दिली."

"परवा कळव. आज झोप."

"आजच कळवते. नाहीतर झोप लागायची नाही."

नोहोरानं खिशातून पेन काढलं. चिठ्ठीवरच्या बाणावर एक आडवी रेघ मारली. एका टोकाला 'वर' लिहिलं, दुसऱ्याला 'तळ', खाली आजची तारीख आणि स्वतःचं पूर्ण नाव. गारठ्यानं शाई उतरत नव्हती, आडनाव दोनदा गिरवावं लागलं. मग तिनं चमचा उचलला. रसायनवाल्यांचे दोन ग्रॅम राहिलेच होते.

"किती खोलीवरचा मागितलाय त्यांनी?" देइसीनं विचारलं.

"तीनशे वीस सेंटिमीटर."

चौथी नळी तीनशे ते चारशेपर्यंतची; देइसीनं मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हणजे त्यांना तीनशे ऐंशीचा हवाय," ती म्हणाली आणि तिनं नळी धरून ठेवली.