सोळा रंगांतला फिफी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला हात नाहीत, तरीही माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगायचीच आहे, पण आधी जन्मापासूनचे सांगतो. म्हाताऱ्यांना तशी सवयच असते.

माझी पहिली नोकरी एका थंड देशातल्या कचेरीत होती. सात वर्षे मी तिथे इमानेइतबारे पत्रे लिहिली, पण कुणी कधी प्रेमाने माझ्याकडे पाहिले नाही. मग नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना जहाजात भरून इकडे घानाला पाठवण्यात आले. एल्मिना गावात, खाडीच्या पुलाजवळ मास्टर एबोचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. मी तिथे येऊन पडलो. एबोने माझे झाकण काढले, आतली धूळ फुंकली आणि म्हणाला, "काय रे, तुला कुणी कधी खेळूच दिलं नाही वाटतं!" त्याच क्षणी मी त्याचा झालो.

त्याने माझ्यात फुटबॉलचा एक जुनापुराणा खेळ घातला आणि त्यातल्या खेळाडूंचे चेहरे बदलायला घेतले. आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी समुद्रात होडी घालत नाही. तो समुद्राच्या विसाव्याचा दिवस. त्या दिवशी सगळे कोळी दुकानात जमत. एबोने एकेका होडीचा एकेक संघ केला. मग काय, ज्याला त्याला आपला चेहरा त्यात हवा!

पण त्या खेळाची एक अट होती. एका चेहऱ्याला फक्त सोळा रंग. साध्या फोटोत हजारो छटा असतात, त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या हे ठरवावे लागते. त्यातही पहिला रंग हा रंग नसतोच. त्या जागी जे ठेवाल त्यातून आरपार मागचे दिसते. एबोला हे ठाऊक नव्हते. त्याने पहिल्या जागी काळा ठेवला आणि क्वेसी तांडेलाच्या डोळ्यांतून मैदानातले गवत दिसू लागले.

"मास्टर, माझ्या डोळ्यांत कसली शेती लावलीस?" तांडेल ओरडला.

"लावू दे की," मागून फिफी म्हणाला. "समुद्रात तर तुला काही मिळत नाही!"

दुकानभर हशा पिकला. फिफी तसाच होता. तो धुरी देऊन मासे सुकवणाऱ्या आंटी अराबाचा एकुलता एक मुलगा. हसला की त्याच्या डाव्या गालावरचा जुना वण वर चढायचा.

दुसरी अडचण मोठी होती. खेळ बनवणाऱ्यांनी चेहऱ्यांसाठी जवळजवळ सगळे गुलाबी रंग दिले होते, तपकिरी जेमतेम दोन. त्यामुळे आमचे सगळे कोळी एकाच विटेतून घडवल्यासारखे दिसू लागले. एबोने गुलाबी रंग काढून टाकले आणि स्वतः रंग निवडायला बसला. पाम तेल, ओली वाळू, धुरी दिलेला मासा, होडीचे लाकूड असे एकेक त्याने आठवून आठवून लावले. मी ते दाखवत गेलो. त्या दिवसांत मला फार मान होता. माझ्यावर रोज स्वच्छ फडके फिरत असे.

फिफी दर मंगळवारी म्हणायचा, "मास्टर, मला गोलकीपर कर ना!"

"पुढच्या मंगळवारी नक्की."

"तुझा पुढचा मंगळवार म्हणजे माझं लग्नच! येतो म्हणतो आणि येत नाही."

असे तीन मंगळवार गेले. मग एका गुरुवारी फिफीची होडी उलटली. बाकीचे पोहून परत आले. फिफी मिळालाच नाही.

नऊ दिवसांनी आंटी अराबा दुकानात आली. काळ्या कापडाच्या गाठीतून तिने नखाएवढे कार्ड काढले. फिफीचा फोन त्याच्याबरोबरच समुद्रात गेला होता. घरातले फोटो मागच्या भरतीत भिजून वाया गेले होते. भाच्याच्या फोनमधल्या या कार्डात फिफीचा एकच फोटो उरला होता.

"कुळाच्या प्रमुखांनी अंत्यविधीला शनिवार ठरवलाय," ती म्हणाली. "भिंतीवर लावायचा शोकाचा कागद याच फोटोवरून छापायचाय. पण त्याआधी त्याला त्या खेळात घाल. लेकराला फार हौस होती रे."

उशीर केल्याची टोचणी एबोला बसू देत नव्हती. त्याने कार्ड मला लावले आणि नक्कल न काढता कार्डावरचाच फोटो उघडून कामाला लागला. चेहरा खेळाच्या मापाचा, अंगठ्याच्या नखाएवढा केला. हजारो छटांच्या सोळा केल्या. मग त्याने 'जतन करा' म्हटले.

मी विचारले, "जुन्याच्या जागी नवे ठेवू का?"

मित्रांनो, मी विचारले होते! पण मी दिवसातून शंभरदा काही ना काही विचारतो. फुटकळ असो वा जिवाचे असो, माझा आवाज तोच. एबो माझे प्रश्न कधीच वाचायचा नाही. डोळे पुसता पुसता त्याने 'हो' दाबले, आणि मी सांगितल्याप्रमाणे केले: मोठा फोटो पुसून त्याच्या जागी तो नखाएवढा चेहरा ठेवला.

काय झाले ते त्याला मग कळले. तीन दिवस त्याने माझे कोपरे न् कोपरे धुंडाळले. पण जे मीच पुसले ते मी कुठून देणार? शेवटी आंटी अराबा आली तेव्हा त्याने सगळे सांगितले आणि मान खाली घातली.

"आंटी, मला मार. शिव्या दे. काहीतरी बोल."

तिने पडद्याकडे पाहिले. मग म्हणाली, "त्याच्या गालावरचा वण कुठाय?"

"रंग पुरले नाहीत, आंटी. सोळाच असतात."

"मग दुसरा कुठला तरी रंग काढून टाक. दात काय पांढरेच हवेत? वण घाल."

एबोने दातांचा पांढरा काढून टाकला. पण फोटो आता उरला नव्हता आणि वण नेमका कुठे होता ते त्याला आठवेना. तेव्हा तिने पुढे होऊन माझ्या काचेवर बोट टेकले. त्या बोटाला धुराचा वास होता. "इथं," ती म्हणाली. "चार वर्षांचा असताना शेगडीवर पडला होता." एबोने तिथे एक ठिपका ठेवला.

त्याच चेहऱ्याचा कागद छापून दुकानाच्या भिंतीवर लावला. एवढासा चेहरा मोठा केल्यामुळे नुसते चौकोन दिसत होते. लोक भिंतीजवळ जात आणि गोंधळत. आंटी अराबा मात्र उलट्या पावलांनी मागे मागे पुलापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. "या इकडे," तिने हाक मारली. "इथनं दिसतोय माझा फिफी." मग सगळे पुलावर जाऊन उभे राहिले आणि रडले.

याला आता अकरा वर्षे झाली. कागद खाऱ्या वाऱ्याने केव्हाच गेला, कार्ड भाच्याने परत नेले आणि हरवले. कोळ्यांच्या हातात नवे फोन आले, माझ्याकडे खेळायला कुणी येत नाही. मी कोपऱ्यात पोत्याखाली असतो. फक्त मंगळवारी एबो पोते काढतो आणि मला सुरू करतो. आंटी अराबा येते, आत न येता दारातच उभी राहते, कारण जवळून तो विस्कटतो. फिफी गोलपुढे उभा असतो. पाच मिनिटे बघून ती जाते.

हल्ली मला सुरू व्हायला फार वेळ लागतो. आतून घरघर येते. दोन तपकिरी रंग मला आता एकसारखेच दिसतात. फिफी आता फक्त माझ्यातच आहे. माझ्यातून त्याची नक्कल काढायला हवी, हे एबोला कळते. पण त्या दिवसापासून त्या चित्राला हात लावायची त्याला भीती वाटते. मी प्रश्न विचारला की तो मला बंद करून टाकतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी एकुलता एक फोटो असेल. आधी त्याची नक्कल काढा, मग त्याला हात लावा. आमच्यासारखे यंत्र काही विचारते तेव्हा क्षणभर थांबून वाचा. आणि तुमच्यापैकी कुणी कधी एल्मिनाला आलेच, तर पुलाजवळच्या दुकानात या आणि एबोचा हात धरून फिफीची एक नक्कल काढून द्या. पण मंगळवारच्या आत या. मागच्या मंगळवारी मी तिसऱ्या खेपेला सुरू झालो, आणि तोवर ती दारात उभीच होती.