मावशीची दहा वाक्यं

आमच्या धुलाई कारखान्यात चार हॉस्पिटलांच्या चादरी यायच्या. दिवसाला नेमक्या किती, ते शोधायला एक माणूस बसवला होता. तो निवृत्त झाला, पण आकडा लागला नाही. या सगळ्या चादरींना लागणारी वाफ तळघरातल्या एकाच बॉयलरमधून यायची आणि तो बॉयलर बावीस वर्षं माझी मावशी सांभाळत होती. माझी सख्खी मावशी, पण सगळा कारखानाच तिला मावशी म्हणायचा, त्यामुळे माझ्या सख्खेपणाला तिथे कुणी विचारत नव्हतं. तिचा आवाज असा, की ती खाली शिंकली तर वर मी चालवायचो त्या इस्त्रीच्या रोलरखालच्या चादरीच्या सुरकुत्या आपोआप जायच्या.

त्या खोलीची एक रीत होती. बॉयलरच्या धडधडीत कोण काय करतंय ते दिसायचं नाही, म्हणून करणाऱ्याने ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर विसंबून पुढचं काम करायचं. पण हात चाकावर असल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. जो बोलला, त्याच्याच हाताने ते झालं पाहिजे. पूर्वी एकाने चहाचा पेला हातात धरून "बंद केला" म्हटलं होतं. त्या दिवशी छप्पर उडालं ते तीन गल्ल्या पलीकडे एका न्हाव्याच्या दुकानावर जाऊन बसलं. न्हाव्याने परत दिलं नाही. म्हणाला, मापाचं आहे.

तर अशा ठिकाणी नवा मॅनेजर आला. झोपेतही टाय सोडत नसावा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. त्याने वर ऑफिसबाहेरच्या भिंतीवर कागद चिकटवला: बॉयलर चालवणाऱ्याला इंग्रजी यायलाच हवं. एक क्रियापद नेमून दिलं जाईल, त्याची दहा बरोबर वाक्यं करायची. जो नापास होईल तो मोज्यांच्या टेबलावर, जोड्या लावायला.

मावशीच्या वाट्याला 'शट' आलं. सोबत सरावाची पुस्तिका. पहिल्याच दिवशी तिचं क्रियापद पाठ झालं, पण पुस्तिका वाचताना ती सारखी नाक मुरडत होती. मी विचारलं, अडतंय कुठे? म्हणाली, "अडत नाही रे. पटत नाही."

शुक्रवारी सकाळी अकराला वरच्या ऑफिसात परीक्षा. साक्षीदार म्हणून मला उभं केलं. टायवाल्याने पुस्तिका उघडली आणि म्हणाला, माझ्यामागून म्हणा: आय शट द अम्ब्रेला.

मावशीने खोलीभर नजर फिरवली. "छत्री कुठाय?"

टायवाल्याने पान उलटलं. माय अंकल शट्स द शॉप. मावशीने त्याला शांतपणे समजावलं की तिचा मामा बस चालवायचा, काका घरीच बसून असायचा आणि दुकान दोघांच्याही सात पिढ्यांत नव्हतं. मेलेल्या माणसांच्या नावावर ती नसती दुकानं घालणार नाही.

"मावशी, नुसतं म्हणायचंय," टायवाला म्हणाला. "करायचं थोडंच आहे?"

झालं. मावशीने पदर खोचला.

"न करता म्हणणाऱ्या माणसाला बॉयलरजवळ फिरकू देत नाहीत, साहेब. माझी परीक्षा घ्यायचीय ना? खाली चला."

आम्ही खाली उतरलो. मागोमाग निम्मा कारखाना जिन्यात येऊन उभा राहिला. मावशीने दाराला हात घातला. आय शट द डोअर. दार लागलं. टायवाल्याने कागदावर खूण केली. आय शट द विंडो. दुसरी खूण. मग तिने स्वतःचा जेवणाचा डबा बंद केला, तिसरी खूण झाली. टायवाला खुशीत होता.

चौथ्या वाक्याला तिचा हात तेलाच्या चाकावर गेला. आय शट द ऑइल व्हॉल्व्ह. ज्वाळा विझली. पाचव्याला वरचे रोलर उसासा टाकून थांबले, सहाव्याला धुलाईची मशीनं, सातव्याला वाळवणीचे ड्रम. प्रत्येक वाक्य अगदी बिनचूक. आठव्याला गरम पाणी गेलं. नवव्याला वाफेचं मुख्य चाक फिरलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आम्हाला एकमेकांचे श्वास ऐकू आले. टायवाला पुरे पुरे म्हणत होता. मावशी म्हणाली, दहा म्हणजे दहा.

दाबाची नोंदवही टेबलावर उघडी होती. ती तिने मिटली आणि वर हात ठेवला. आय शट द बुक.

वर चार हॉस्पिटलांच्या ओल्या चादरी तशाच पडल्या होत्या. टायवाल्याने घाम पुसला, टायनेच. म्हणाला, "झालं ना? आता उघडा सगळं."

"उघडायचं क्रियापद नेमून दिलं नव्हतंत."

त्याचा तोल गेला. अस्खलित इंग्रजीत, पार जिन्याच्या वरपर्यंत ऐकू जाईल असा तो ओरडला, "ओपन द स्टीम!"

कुणी चाकाला हात लावला नाही. उलट चाकांजवळचे दोघे अदबीने बाजूला झाले.

"साहेब बोललेत," मावशी म्हणाली. "आता साहेबच करतील."

भिंतीवर सतरा चाकं होती, सगळी तांबडी, सगळी सारखी. टायवाला पहिल्याकडे वळला, मग पाचव्याकडे, मग त्याला कुणीतरी न्हाव्याची आठवण करून दिली. मीच असेन. त्याने हात मागे घेतला. खिशातून पेन काढलं, मावशीच्या कागदावर दहापैकी दहा लिहिले आणि सही केली. मावशीने कागद वाचून त्याची घडी घातली. मग वर बोट दाखवलं. टायवाला जिना चढून गेला आणि भिंतीवरचा कागद काढून घेऊन खाली आला.

तेव्हा कुठे तिने नोंदवही उघडली, काट्यावरचा दाब पाहिला आणि वाफेच्या मुख्य चाकाला दोन्ही हात घातले. आधी हात, मग तोंड.

"आय ओपन द स्टीम," मावशी म्हणाली. "हे अकरावं. याचे गुण नकोत."