दूर्वांचा माळ

गवत तोडाल तर दंड, एवढंच तुम्ही बोर्डावर ठेवलंत. गवतात काय बसलंय ते कोण सांगणार? केंब्रिजच्या पुढचं ते राखीव माळरान तुमचं. मेंढ्या तुम्ही सोडता, हरणं तुम्ही मोजता, आणि त्यांच्या रक्तावर पोसलेल्या गोचिडी तेवढ्या तुम्हाला दिसत नाहीत होय?

उल्काला तर गोचिडींचं काहीच ठाऊक नव्हतं. गणपती तोंडावर आलेले, दुकानातल्या दूर्वा पिवळ्या पडलेल्या. सहा वर्षांच्या तनूला घेऊन ती माळावर गेली. बोर्ड वाचला, पण देवाच्या चार काड्यांना कोण दंड करतंय! देवाचं तोडायचं म्हणून मायलेकींनी बूटमोजे काढले आणि गवतात फतकल मारली.

"आई, ही दूर्वा आहे?"

"असेल गं. गणपती काही बॉटनी शिकलेला नाही."

गणपती गेले आणि काही दिवसांनी तनू तापाने फणफणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उंच गवतात वगैरे खेळली होती का?" उल्काच्या डोळ्यांपुढे तो बोर्ड नाचला. नवरा शशिधर, त्याचा व्हिसा रिन्यूअलला गेलेला. त्यात हा दंड निघाला तर?

"छे! घराजवळच्या पार्कमध्ये फक्त."

बाई व्हायरल म्हणाल्या. पॅरासिटामॉल द्या म्हणाल्या.

मग एका सकाळी तनूच्या ओठांच्या कडेने दूध गळायला लागलं. "नीट पी ना!" उल्का खेकसली. तनू हसली. अर्धीच. डावा गाल हललाच नाही, डावा डोळा मिटेना.

हॉस्पिटलात उल्काने रडत सगळं सांगून टाकलं. गोचीड चावल्याचाच आजार निघाला. औषध सुरू झालं. "बहुतेक मुलांचा चेहरा पूर्ववत होतो," डॉक्टर म्हणाले. बहुतेक!

"आधी बोलली असतीस तर?" शशिधरने विचारलं.

"दंड लिहिला होता, त्याला घाबरले. गोचीड लिहिली असती तर तिला घाबरले असते!"

आज ती तनूला कडेवर घेऊन माळाच्या ऑफिसात उभी आहे. वॉर्डन अगदी गोड बोलतो. "मॅडम, गोचिडीसुद्धा निसर्गाचाच भाग आहेत. त्यांचा बोर्ड होता पूर्वी. लोक यायचे कमी झाले, म्हणून काढला. पण तुम्ही गवत तोडलंत?"

"तोडलं. करा दंड. तनू, काकांकडे बघून हस."

तनू हसली. वॉर्डनची मान खाली गेली.

"खाली काय बघता? हिच्या तोंडाकडे बघा आणि सांगा, तो बोर्ड कुणी काढला?"